परक्याने बोललेला नवस

सोजरबाईंनी चर्चच्या पायरीवर बूड टेकलं आणि बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.

“आई, इथं बूट काढत न्हाईत,” रोहिदास म्हणाला.

“कुणी सांगितलं?”

“समदे तसंच आत जातात. बघ की.”

बघायला तिथे कुणीच नव्हतं. जानेवारीतला शनिवार होता आणि सकाळचे दहा वाजत आले होते. समोरच्या चौकात एकच घोडागाडी उभी होती आणि गिऱ्हाईक नसल्यामुळे गाडीवाला घोड्याशीच गप्पा मारत होता. पलीकडे दगडी पुलाखालून कालवा जात होता. उन्हाळ्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्या त्यात ताडपत्र्या पांघरून एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या. कडेच्या पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता आणि दोन राजहंस तो चोचीने फोडत बसले होते. एवढ्या मोठ्या नावाजलेल्या गावात आज यांच्याइतकं कामाचं कुणी आलेलं दिसत नव्हतं.

“त्यांचं त्ये बगतील,” सोजरबाई म्हणाल्या. “देवाच्या दारात पायताण घालून जायाचं मला न्हाई जमायचं.”

एकाहत्तराव्या वर्षी त्यांच्या पायात पहिल्यांदाच नाडीचे बूट आले होते. सुनेने, साधनाने, पिंपळे सौदागरच्या दुकानातून आणलेले. नाड्या सोडायला त्यांना जमायच्या, बांधायला नाही. हॉटेलात रोहिदास गुडघ्यावर बसून बांधून द्यायचा. आता बूट काढल्यावर खालून मोज्यांचे दोन जोड निघाले. वरचा जोड नातीचा होता आणि त्यावर मांजरांची तोंडं होती. ती मांजरं घेऊन सोजरबाई आत गेल्या.

बूट पायरीवर ठेवावेत तर आतून गारठून जातील. रोहिदासने ते उचलले. चाकणच्या कंपनीत ज्याच्या हाताखाली बारा माणसं काम करतात तो मेंटेनन्सचा सुपरवायझर, वय वर्षं चव्वेचाळीस, आईचे बूट हातात धरून ब्रुजच्या चर्चमध्ये शिरला. स्वतःचे त्याने काढले नाहीत, पण दारातल्या पायपुसण्यावर दोनदा घासून पुसले.

ब्रुज हे बेल्जियममधल्या गावाचं नाव सोजरबाईंना पाठ होऊन अकरा वर्षं झाली होती. देहूशेजारच्या तळवड्यात बसून ते त्या जपासारखं म्हणायच्या.

अकरा वर्षांपूर्वी रोहिदासच्या कंपनीत पत्रा वाकवायचं एक मोठं मशीन आलं आणि ते बसवून द्यायला योहान नावाचा इंजिनियर ब्रुजहून आला. मशीनच्या पूजेला त्याने इतरांचं बघून बूट काढले, कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि एका दणक्यात नारळ फोडला. तेव्हापासून तो कारखान्यात सगळ्यांचा लाडका झाला. रोहिदास तेव्हा मेंटेनन्सला नवा होता. त्याच महिन्यात साधनाला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि तळहाताएवढी पोरगी जन्माला आली. तिला काचेच्या पेटीत ठेवली होती. नाकात नळी होती आणि डॉक्टर रोज नुसतं ‘बघू’ म्हणायचे. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, मशीनच्या विजेच्या पॅनेलमागे जाऊन रडताना रोहिदास योहानला सापडला. पोरीचं योहानला कळलेलं होतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मी उद्या घरी चाललोय. आमच्या गावात मेरीमातेचं जुनं चर्च आहे. तिथे तुझ्या मुलीसाठी मेणबत्ती लावीन.”

सोमवारी पोरीची नळी निघाली.

“शुक्रवारी बोलला, शनिवारी गेला, रविवारी दिवा लावला आन सोमवारी पोरगी आपल्या आपण श्वास घ्यायला लागली,” हा हिशेब सोजरबाईंनी तळवड्यात इतक्यांदा सांगितला की समोरचा तो त्यांच्याबरोबर म्हणू लागायचा. डॉक्टरांनाही त्या विसरल्या नव्हत्या, त्यांना भरआहेर केला होता. पण देवापुढे दिवा लावताना कुणी मुकाट्याने लावत नाही, काहीतरी बोलतोच, अशी त्यांची खात्री होती. म्हणजे योहानने नवस बोललेला होता. बोलणारा परका असला तरी नवस आपल्या पोरीवरचा, आणि तो राहिला होता फेडायचा. ती पोरगी, सुखदा, चार वर्षांची असताना तिचा हात मोडला, सातव्या वर्षी डेंग्यू झाला. दोन्ही वेळी घरातल्यांनी डॉक्टर गाठला आणि सोजरबाई कोपऱ्यात बसून म्हणाल्या, “नवस राहिलाय.” नातीला साधी शिंक आली तरी त्या देवघराकडे धावायच्या.

रोहिदासने ईमेल करून योहानला विचारलंही होतं, की आई विचारते, काय बोलला होतास? नव्या वर्षाच्या शुभेच्छा दरवर्षी न चुकता आल्या, त्या प्रश्नाचं उत्तर मात्र आलं नाही. मग सोजरबाईंच्या मनात नको ते यायला लागलं.

“बोकड तर न्हाई ना बोलला?” घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. बोकड बोलला असेल तर फेडायचा कसा?

“बोलला असंल तर तूच जा बेल्जियमला आन काप,” त्यांचे यजमान मारुतराव म्हणायचे.

या वर्षी कंपनीने दुसरं मशीन घेतलं आणि ते ब्रुजहून निघण्याआधी तपासायला रोहिदासला पाठवायचं ठरलं. त्याचं तिकीट यायच्या आत सोजरबाईंचा पासपोर्ट तयार होता. “लोकांच्या बायका काशीला जातात, आमची बेल्जियमला निघालीय,” असं मारुतरावांनी गावभर सांगितलं आणि विमानतळावर मात्र तोंडाला रुमाल लावून उभे राहिले. काय बोलला असेल याचा अंदाज बांधून सोजरबाईंनी पिशवी भरली होती. चिंचवडहून घेतलेला चांदीचा इवलासा पाळणा, हिरवा खण, हळदकुंकू, नारळ, सव्वा किलो खडीसाखर आणि योहानसाठी टॉवेल-टोपी. पेढे दुधाचे, ते त्या देशात नेऊ देत नाहीत, म्हणून साधनाने काढायला लावले होते.

चर्चच्या आत गारठा बाहेरच्यापेक्षा जास्त होता. उंचावरच्या काचांमधून पांढरट उजेड येत होता. सोजरबाई थेट डावीकडच्या कोनाड्यापाशी गेल्या आणि थबकल्या. कोनाड्यात मेरीची मूर्ती होती आणि तिच्या कडेवर बाळ होतं.

“रोहिदास, अरं ही तर लेकुरवाळी हाय.”

परक्या देवीसमोर कसं वागायचं याची त्यांना तीन दिवस धास्ती होती, ती एकदम गेली. मूर्तीशेजारच्या भिंतीवर एका काचेआड चांदीचे छोटे छोटे हात, पाय आणि काळजं टांगलेली होती. एक डोळ्यांची जोडीही होती. सोजरबाईंनी ती बराच वेळ पाहिली.

“नवसाची हायेत ही,” त्या म्हणाल्या. “आपल्यावानीच हाय समदं. बगितलंस? म्हंजी त्या सायबानं बी बोललाच आसंल.”

दाराजवळच्या टेबलाशी एक वयस्क बाई विणत बसली होती. तिने सोजरबाईंचे पाय पाहिले, विणकाम खाली ठेवलं आणि खुर्चीवरची एक जाड उशी आणून त्यांच्या पायांपुढे फरशीवर टाकली. ती परत जाऊन विणायला लागली. सोजरबाई उशीवर उभ्या राहिल्या. त्यांनी तिकडे वळून तिलाही हात जोडले.

तेवढ्यात रोहिदासचा फोन थरथरला. ‘मी बाहेर आहे,’ योहानचा निरोप होता.

योहान पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून उभा होता. अकरा वर्षांत केस पांढरे झाले होते आणि उंचीही थोडी उतरल्यासारखी वाटत होती. त्याने रोहिदासला घट्ट मिठी मारली. बूट मध्ये आले.

“हे कुणाचे?”

“आईचे. ती आत आहे.”

योहान हसला. मग मनोऱ्याकडे बघून त्याचं हसू मावळलं. त्याचं इंग्रजी तुटक आणि रोहिदासचंही तसंच, त्यामुळे दोघांचं एकमेकांना नीट समजायचं.

“मी आत येण्याआधी तुला एक सांगायचंय, रोही. मी मेणबत्ती लावली नाही.”

रोहिदासला वाटलं, तो आजचं बोलतोय. “लावू की आता. आई थांबलीये.”

“तेव्हा. तेव्हा लावली नाही.” योहानने कठड्यावर दोन्ही हात ठेवले. “घरी पोचलो आणि झोपलो. रविवारी माझं मुलीशी भांडण झालं. सोमवारी दुसऱ्या कामावर गेलो. आठवलं तेव्हा दोन आठवडे उलटले होते आणि तोवर तुझा ईमेल आला होता. मुलगी वाचली, तुझ्या मेणबत्तीमुळे वाचली. मी चर्चमध्ये जाणारा माणूस नाही, रोही. तू रडत होतास. मला काहीतरी बोलायचं होतं. माझी बायको असं म्हणायची, ते माझ्या तोंडात आलं.”

पाण्यावरचा बर्फ राजहंसांनी बराच फोडला होता. रोहिदास तिकडेच बघत राहिला.

“तू विचारलंस, काय वचन दिलं होतंस. तो ईमेल मी दरवर्षी उघडतो आणि बंद करतो. आज तुझ्या आईला सांगायचं म्हणून आलोय.”

रोहिदासला राग आला नाही. त्याला भीती वाटली. नवस नव्हताच, हे कळलं तर आईचा अकरा वर्षांचा घोर मिटेल, हे खरं. पण त्या घोराबरोबर तो सोमवारही जाईल. कुणीतरी सातासमुद्रापार आपल्या नातीसाठी दिवा लावला, या एका गोष्टीवर ती माऊली इतकी वर्षं जगाशी गोड वागत आली होती. कंपनीत कुणीही परदेशी आला की ती डब्यात चार जास्तीच्या पोळ्या घालायची. तिला काय सांगायचं? की तू थंडीत अनवाणी उभी आहेस ती उगाच?

“नको सांगू,” तो म्हणाला. “म्हातारी आहे. तिला तसंच वाटू दे.”

“मीही आता म्हातारा आहे,” योहान म्हणाला. “मला नाही जमणार.”

“आवो पाव्हणं!” चर्चच्या दारातून हाक आली. मांजरांचे मोजे घातलेल्या सोजरबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. “देवीच्या दारात भाईर का थांबलायसा? या की आत!”

शब्द कळण्याचा प्रश्न नव्हता. योहानने त्यांच्या पायांकडे पाहिलं, घाईने पायऱ्या चढला आणि दाराशी येऊन थांबला. चाकणची पूजा त्याला आठवली असावी. वाकून त्याने आपले बूट काढले. टेबलाशी बसलेल्या बाईने दुसरी उशी शोधायला सुरुवात केली.

सोजरबाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत डोळे भरून पाहिलं. त्याच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. योहानला एवढं वाकायला लागलं की त्याचा चष्मा घसरला.

“आता इचार त्यांना,” त्या रोहिदासला म्हणाल्या. “काय बोललं व्हतं त्ये. कायबी आसू दे, लाजू नका म्हणावं. आमी फेडणार.”

रोहिदासने विचारलं. योहान सोजरबाईंच्या तोंडाकडे बघून बोलायला लागला. सावकाश, काही न गाळता. विमान, झोप, रविवार, ईमेल. मध्येच त्याने छातीवर हात ठेवला. तो थांबला तेव्हा रोहिदासने आईचे बूट एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

“काय म्हणत्यात?”

“म्हणत्यात...” रोहिदासने घसा साफ केला. “नुसती मेणबत्तीच लावली व्हती. बोललं काय न्हाई. फेडायचं बी काय न्हाई.”

“येवढं बोललं आन येवढंच?”

“त्यांच्या भाषेत लांबतं जरा.”

योहानला मराठी येत नव्हतं. पण आपल्या बोलण्याचं भाषांतर ऐकत त्याने देशोदेशी मशिनं बसवली होती. दहा वाक्यांचं एक झालेलं त्याला कळलं. “नो, रोही,” तो म्हणाला. मग तो स्वतःच मेणबत्त्यांच्या घडवंचीकडे वळला, तिच्याकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि दोन्ही रिकामे तळहात सोजरबाईंपुढे धरले.

सोजरबाईंनी ते तळहात पाहिले. लाल झालेले त्याचे कान पाहिले. मग लेकाकडे पाहिलं.

“लावलाच न्हाई व्हय दिवा?”

रोहिदासने मान खाली घातली.

वरच्या मनोऱ्यात घंटा वाजायला लागल्या. सोजरबाई जवळच्या खुर्चीवर बसल्या आणि पिशवी त्यांनी मांडीवर घेतली.

“आई, त्यांच्या मनात तसं—”

“थांब जरा.”

त्या मूर्तीकडे बघत होत्या. तिच्या कडेवरच्या बाळाचा एक हात आईच्या गळ्याशी होता. योहान शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखा उशीवर उभा होता.

“त्या शुक्रवारी तू घरी आलास तवा काय केलंस, आठवतंय?” सोजरबाईंनी विचारलं.

“न्हाई.”

“जेवलास. पाच दिसांत पयल्यांदा. दोन भाकरी खाल्ल्यास आन मला म्हणालास, आई, त्यो सायेब आपल्या पोरीसाठी दिवा लावणार हाय. आन तिथंच, ताटापशी, झोपलास. तू जेवलास म्हणून मी जेवले. तुझा बा जेवला. मी डबा भरून साधनाकडं दवाखान्यात गेले आन तिला सांगितलं, तर ती बी चार घास जेवली.” त्यांनी पदराने डोळे पुसले, पण आवाज हलला नाही. “पोरीचं देवानं केलं का डॉक्टरनं, त्ये त्यांचं त्यांना ठावं. पण त्या दिशी समदं घर ह्यांच्या शब्दावर जेवलं. त्ये तर खोटं न्हाई? सांग त्यांना. आन समदं सांग, मगाच्यावानी गाळू नको.”

रोहिदासने सगळं सांगितलं. भाकरीला इंग्रजीत काय म्हणायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने हातानेच थापून दाखवली. ते बघताना योहानने चष्मा काढला आणि तो पुसत राहिला.

“आन म्हणावं, तवाचा दिवा आता लावा. उशीर झाला म्हणून ही काय रुसायची न्हाई. लेकुरवाळी हाय, तिला उशिराची सवय आसती.”

घडवंचीवर त्या सकाळी एकच मेणबत्ती जळत होती, विणणाऱ्या बाईने लावलेली असावी. योहानने नवी मेणबत्ती तिच्या ज्योतीला लावली. केसाच्या जाडीइतका फरक हाताला कळणारा माणूस तो, पण वात पहिल्यांदा पेटलीच नाही. दुसऱ्या खेपेला पेटली. त्याने ती उभी केली आणि वळून विचारलं, “आता काय मागू? तुमच्या मुलीसाठी?”

“पोरगी झ्याक हाय,” सोजरबाई म्हणाल्या. “माझ्यापरीस उंच झालीय. कबड्डी खेळती. तिच्यासाठी आता मागायचं न्हाई, हात जोडायचं.” आणि त्यांनी जोडले. अकरा वर्षं छातीत धरून ठेवलेला श्वास बाहेर पडावा तसा त्यांचा सुस्कारा रोहिदासने ऐकला. बोकड नव्हता, काहीच नव्हतं. पोरीवर काही राहिलेलं नव्हतं. चांदीचा पाळणा त्यांनी तरीही काढला. विणणाऱ्या बाईने तो दोन्ही हातांनी घेतला, उलटसुलट पाहिला आणि मूर्तीच्या पायाशी ठेवला.

“ह्यांच्या घरी कोण कोण आस्तं, इचार की.”

योहान एकटाच होता. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी, लेना, कॅनडात असते. आईच्या अंत्यसंस्काराला आली होती, त्यानंतर आलेली नाही. नाताळला फोन करते, दोन मिनिटं बोलते. अकरा वर्षांपूर्वीचं ते भांडण मिटलेलं नाही.

“भांडान कशावरनं?”

“तो म्हणतो, आता नीट सांगताही येत न्हाई.”

सोजरबाईंनी मान डोलावली, जणू हे उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. मग त्यांनी नारळ काढला, त्याला हळदकुंकू लावलं आणि हिरव्या खणात बांधून गाठ पक्की केली. तो ओंजळीत घेऊन त्या मूर्तीपुढे उभ्या राहिल्या. डोळे मिटले, ओठ हलले. ते हलणं संपल्यावर त्यांनी तो योहानच्या हातात दिला.

“घरात टांगून ठिवा म्हणावं. मी येईस्तवर फोडायचा न्हाई.”

रोहिदासने सांगितलं. योहानला हसू आलं. “तिला सांग, मी एका दणक्यात फोडतो.”

“ठावं हाय. म्हणूनच सांगती.”

“आई, काय बोललीस तू?” रोहिदासने विचारलं.

“बोललेलं सांगायचं नसतं.”

“अगं पण मग फेडणार कोण?”

“मी हाय की.”

बाहेर पायरीवर सोजरबाई बसल्या आणि रोहिदासने बूट त्यांच्यापुढे ठेवले. पण त्याच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्यात खडीसाखरेचा पुडा, तो विणणाऱ्या बाईला द्यायचा राहिला होता. तोवर सोजरबाईंनी टॉवेल योहानच्या खांद्यावर टाकला होता आणि पांढरी टोपी डोक्यावर ठेवली होती. टोपी लहान पडत होती, तरी तिने आपली जागा सोडली नाही. तसाच, टोपीसकट, योहान त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि त्याने आधी उजव्या आणि मग डाव्या बुटाची नाडी बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली. सोजरबाईंनी त्या टोपीवर हात ठेवला. घोडागाडीवाला घोड्याशी बोलायचा थांबून बघत होता.

एप्रिलमध्ये तळवड्याचं ऊन गच्चीवर उभं राहू देईना. सोजरबाई जिन्याच्या सावलीत बसून वाळत घातलेल्या कुरडयांवर नजर ठेवत होत्या. पहिली शिफ्ट करून आलेला रोहिदास चपला न काढताच वर आला आणि त्याने फोन त्यांच्यापुढे धरला.

“योहानचा फोटो आलाय. तुला विचारतोय, नारळ आता फोडायचा का म्हणून.”

सोजरबाईंनी फोन लांब धरला, मग जवळ घेतला. एक लहानसं स्वयंपाकघर होतं. खिडकीच्या वरच्या खिळ्याला हिरव्या खणातला नारळ लटकत होता. खिडकीबाहेर कालवा होता आणि त्यात माणसांनी भरलेली एक होडी. खाली टेबल होतं.

“कप दोन दिसत्यात,” त्या म्हणाल्या.

रोहिदासने फोन परत घेतला आणि नीट पाहिलं. दोन होते. योहान तर एकटाच राहायचा.

“काय कळवू?”

“मी येईस्तवर हात लावू नको म्हणावं.” सोजरबाईंनी उठून एक उलटलेली कुरडई सरळ केली. पुन्हा सावलीत येऊन बसल्या आणि पदराने कपाळ पुसलं.

“रोहिदास, त्यो पासपोर्ट किती वर्सं चालतो रं?”

“दहा.”

“मग हाय येळ,” त्या म्हणाल्या. “पर तुझ्या बाला आत्ताच सांगू नको. गावभर करंल.”